सतरावा गठ्ठा

लिफ्ट तिसरा मजला सोडून वर निघाली आणि मध्येच आचका देऊन थांबली. दिवा गेला. डोक्यावरचा लहानसा पंखा दोन-चार फेरे आपल्याच जोरावर फिरला आणि मग तोही गप्प झाला. बाईंच्या एका हातात दुधाची पिशवी होती, दुसऱ्यात बिस्किटांचा पुडा. वीज गेली, एवढंच. ह्या इमारतीत आठवड्याला एकदा जायचीच, पंधरा-वीस मिनिटांनी यायचीच. बाईंनी चाचपडत धोक्याच्या घंटेचं बटण दाबलं, पण विजेवाचून ती तरी कशी वाजणार? मोबाइल घरी चार्जिंगला लावलेला. मुलाला कळलं तर म्हणेल, आई, तुला मोबाइल कशासाठी घेऊन दिला, कपाटावर ठेवून पूजा करायला? दोन दारांच्या फटीतून उजेडाची एक रेघ आत येत होती, शिवणाच्या दोऱ्याएवढी. त्या रेघेत मनगट धरून बाईंनी घड्याळ पाहिलं. साडेतीनला दहा कमी. खालून वॉचमनचा आवाज आला, "लिफ्टमध्ये कोणी आहे का?" बाईंनी ओ द्यायला तोंड उघडलं. आणि मिटलं. का मिटलं ते त्यांना लगेच कळलं नाही. मग कळलं, आणि ह्या वयात स्वतःची अशी लाज वाटण्याइतकं आपल्यात अजून काही शिल्लक आहे ह्याचंच त्यांना नवल वाटलं. चार वाजता ती मुलगी येणार होती. येईल, दार ठोठावेल, वाट बघेल आणि निघून जाईल. म्हातारं माणूस, विसरली असेल, असं तिला वाटेल. विसरण्याची सवलत आता आपल्याला आहे. चौऱ्याहत्तर वर्षं खस्ता खाऊन मिळवलेली सवलत.

काल फोन आला तेव्हा बाई भाजी निवडत होत्या. "मॅडम, मी कायदा विभागात संशोधन करते. आपत्ती निवारणाच्या नियमावलीवर माझा प्रबंध आहे," अशी सुरुवात झाली. आवाज तरुण, जरा सर्दी झालेला. नियमावलीतला प्रत्येक आकडा कुठून आला ते ती शोधत होती. मातीचे नमुने, पुराच्या रेषा, दवाखान्यातल्या खाटा, सगळ्यांच्या तळटिपा तिने मागे-मागे जात खणून काढल्या होत्या. "आणि एकशे अठ्ठेचाळीस तास हा आकडा तुमच्याकडे येऊन थांबतो, मॅडम. सहा दिवस चार तास. तुमच्या कोष्टकाची शेवटची ओळ." बाई म्हणाल्या, हो, माझंच कोष्टक. "एकच शंका होती. कुलगुरूंना पाठवलेल्या तुमच्या पत्रात लिहिलंय की सतरा दवाखान्यांकडून कागद मागवले आणि सतराही आले. कोष्टकाखाली मात्र सोळाच दवाखान्यांची नावं आहेत. एक कुठे गेला?" भाजीचं देठ बाईंच्या हातात तसंच राहिलं. एकतीस वर्षांत हे कोणी मोजलं नव्हतं. केवढे जाडे चष्मे लावलेल्या लोकांनी ते कोष्टक वाचलं, वाखाणलं, पुढच्या पुस्तकांत उतरवून घेतलं. सतरा वजा सोळा कोणी केलं नव्हतं. "उद्या या चार वाजता," बाई म्हणाल्या. "सांगते." मुलगी खूश झाली. नियमावली बदलायला घेतली आहे, म्हणाली, समितीने तिचा प्रबंध मागितला आहे, महिन्याभरात तो आकडा एकतर तसाच राहील नाहीतर जाईल, आणि एकदा राहिला की पुढची तीस वर्षं त्याला कोणी हात लावणार नाही. फोन ठेवल्यावर बाईंनी उत्तर ठरवूनसुद्धा टाकलं. कागद उशिरा आले, म्हणून धरता आले नाहीत. हेच उत्तर एकदा, फार पूर्वी, त्यांच्या वतीने दुसऱ्या कोणी दिलं होतं. आता फक्त ते आपल्या तोंडाने म्हणायचं होतं.

तिघं होते ते. एक कायद्याचा प्राध्यापक, एक नकाशेवाला आणि एक बाई. तीन विभागांनी मिळून एक काम करायचं, ही तेव्हा नवी टूम होती. कुलगुरूंना तिचं कोण कौतुक. नकाशेवाला आपत्तीचं नियोजन करणारा, पूर्वी बचाव पथकात होता, डाव्या हाताची दोन बोटं ढिगाऱ्यात ठेवून आलेला. कायदेपंडित गोरा, गोलसर, दर वाक्याआधी घसा खाकरणारा. बाई शरीरशास्त्राच्या. पाण्यावाचून, हवेवाचून, अंधारात माणसाचं रक्त कसं बदलत जातं, मूत्रपिंडं कोणत्या दिवशी हात टेकतात, हा त्यांचा अभ्यास. खाणींतून, पडलेल्या घरांतून जिवंत काढलेल्या माणसांचे दवाखान्यांतले कागद त्यांनी मागवले होते. प्रत्येक गठ्ठा आला की त्यावर तारखेचा शिक्का मारायचा, शेजारी सही करायची, वहीत नोंद करायची आणि मगच फीत सोडायची, ही त्यांची शिस्त. त्यांच्या ह्या नादावरून कायदेपंडिताने त्यांना कोष्टकबाई नाव ठेवलं होतं. "कोष्टकबाई, तुम्ही नवऱ्यालासुद्धा शिक्का मारूनच घरात घेतलात का हो?" असं एकदा भर बैठकीत विचारलं आणि नकाशेवाला चहा सांडेपर्यंत हसला. चांगले दिवस होते. एका टेबलाभोवती तीन जण, तिघांनाही एकमेकांचं शास्त्र येत नाही आणि तिघांचाही एकमेकांवर पुरा विश्वास. तिथेच पाणी मुरलं, असं बाईंना पुढे वाटायचं. नकाशेवाला म्हणायचा, "मला एवढंच सांगा, माझी माणसं कधी मागे घ्यायची? उरलेली भिंत केव्हाही पडते. मागच्या खेपेला मेलेल्यांना शोधताना माझे दोन जिवंत गेले." तो खोटं बोलत नव्हता. कायदेपंडित खाकरून म्हणायचा, "साधारण, बहुधा, शक्यतो, हे शब्द कोर्टात उभे राहत नाहीत. दोर कुठेतरी संपलाच पाहिजे. आकडा द्या." आणि दोघंही बाईंकडे बघायचे.

अंधाराची एक गंमत असते. आधी तो बाहेर असतो, मग हळूहळू आपल्या कातडीपर्यंत येतो, मग आपण कुठे संपतो आणि तो कुठे सुरू होतो हेच समजेनासं होतं. बाईंनी पाठ टेकली आणि सावकाश खाली बसल्या, गुडघे कुरकुरले. लिफ्टच्या जमिनीला रबराचा आणि फिनेलचा वास होता. दुधाच्या पिशवीला घाम आला होता. बाईंनी तो बोटाने निपटला आणि नकळत बोट ओठांना लावलं. लावलं मात्र, आणि आठवलं. असंच त्याने केलं होतं. विहीर खणणाऱ्याने.

तो सतराव्या गठ्ठ्यात होता. खाणींच्या बाजूच्या एका लहान दवाखान्यातून तो गठ्ठा आला तो गुरुवार होता. सोमवारी कोष्टक छापायला द्यायचं होतं. घरी धाकट्याला कांजिण्या निघालेल्या, तापाने फणफणलेला. सासूबाईंनी सकाळीच ऐकवलं होतं, "दुसऱ्यांची मेलेली माणसं मोजून झाली असतील तर स्वतःचं जितं पोर बघ जरा." नवरा गावाला. बाईंनी शिक्का मारला, सही केली, वहीत लिहिलं. फीत सोडली नाही. सोळा गठ्ठ्यांतून त्रेचाळीस माणसं मिळाली होती, चांगली भरघोस संख्या, सगळी एका सुरेख वाकड्या रेषेवर बसलेली. शेवटी सहा दिवस चार तास जगलेली एक शिंपीण, तिच्यापुढे कोणी नाही. लहानशा दवाखान्यात वेगळं काय असणार? बाईंनी गठ्ठा खालच्या खणात ठेवला आणि लवकर घरी गेल्या. पोराच्या अंगाला रात्रंदिवस औषध लावत बसल्या. पोर बरं झालं. कोष्टक छापलं गेलं. कायदेपंडिताने त्याच्या शेवटच्या ओळीवरून कलम बांधलं: एकशे अठ्ठेचाळीस तासांनंतर जिवंतांचा शोध संपला असं मानावं आणि जड यंत्रं आत घ्यावीत. शिंपिणीच्या पुढे कोणी सापडलं नाही, एवढंच कोष्टक म्हणत होतं. शिंपिणीच्या पुढे कोणी नसतं, असं कलम म्हणायला लागलं. त्या दोन वाक्यांच्या मध्ये केवढी मोठी विहीर आहे ते बाईंना दिसलं होतं. मुद्रितं तपासताना स्वच्छ दिसलं होतं. पण पानाच्या तळाशी त्यांचं नाव होतं, पहिल्यांदाच एका कायद्याच्या पानावर. त्यांना वाटलं, नकाशेवाला अनुभवी आहे, तो काय आंधळेपणाने थोडाच घड्याळ लावणार आहे. नकाशेवाल्याला वाटलं, कायदा आहे. कायदेपंडिताला वाटलं, शास्त्र आहे.

आठ महिन्यांनी खोली बदलताना खण रिकामा केला आणि गठ्ठा हाती लागला. उभ्याउभ्याच फीत सोडली. तीनच माणसांचे कागद. तिसरा विहीर खणणारा. वरची दरड कोसळली आणि तो खाली कोनाड्यात अडकला. नऊ दिवस दोन तास. दगडाला सुटलेला पाझर बोटाने निपटून ओठांना लावत राहिला. नर्सने गिचमिड अक्षरात लिहिलं होतं: पेशंट हसतो आहे, काहीतरी खारट मागतो आहे, चारच दिवस झाले म्हणून माझ्याशी भांडतो आहे, मी नऊ म्हटलं तर मला खोटारडी म्हणाला. बाई हसल्या होत्या ते वाचून. हसू ओठांवर असतानाच तो आकडा पुन्हा वाचला आणि त्या खणाच्या कडेवर बसल्या. दुसऱ्याच दिवशी कायदेपंडिताकडे गेल्या. तो कागद बघून बराच वेळ खाकरला. "एका माणसासाठी कलम बदलत नाही, कोष्टकबाई. पुढच्या दुरुस्तीत बघू. तोवर हे कागद उशिरा आले असं धरून चालू. आले असतीलच की उशिरा." बाई म्हणाल्या नाहीत, की शिक्का आहे. मान हलवली. एक मान हलवायला किती वेळ लागतो?

"आजी! आजीऽ! तुम्ही आहात का आत?" वॉचमनचा आवाज आता जिन्यातून, जवळून आला. दारावर थाप पडली. बाईंनी श्वास धरला. लहानपणी लपाछपीत धान्याच्या कणगीमागे धरायच्या तसा. तिथून त्या कधी सापडायच्या नाहीत. सगळे कंटाळून जेवायला निघून जायचे आणि मग त्यांना एकटीला रडू यायचं. पावलं खाली गेली. घड्याळात पावणेचार.

पुढची दुरुस्ती आलीच नाही. कलम अकरा वर्षं कागदावर झोपून राहिलं. मग एका छापखान्याची चार मजली इमारत कोसळली. बाई टीव्हीसमोर इस्त्री करत होत्या. सहावा दिवस उलटून गेलेला. पडद्यावर एक म्हातारी दोरीपलीकडून सांगत होती, माझा जावई आहे आत, मी टोले ऐकले, थांबून थांबून, कोणी गप्प बसाल तर ऐकू येतील. तिच्याशेजारी एक तरुण अधिकारी उभा होता, डोळे तांबारलेले, सहा दिवस झोपला नसावा. तो तिला हात जोडून म्हणाला, "आजी, एकशे अठ्ठेचाळीस तास झाले. ह्यापुढे माणूस जगत नाही. हे मी नाही सांगत, शास्त्र सांगतं." मागे पिवळं यंत्र सुरू झालं आणि मग कोणालाच काही ऐकू येण्याचा प्रश्न उरला नाही. इस्त्री एका सदऱ्यावर तशीच राहिली होती. जळल्याचा वास नवऱ्याला आला, बाईंना नाही. फोन दोन पावलांवर होता. कुणाला करायचा? काय सांगायचं? यंत्र तर चालू झालंय. हा विचार त्यांनी अगदी नीट, पायरी-पायरीने केला, आणि तो पुरा होईपर्यंत यंत्र खरोखरच बरंच पुढे गेलं होतं. दोन आठवड्यांनी वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळी आल्या. तळमजल्याच्या मोरीत खिळे जुळवणाऱ्या एका जुळाऱ्याचं प्रेत मिळालं. भिंतीवर किल्लीने ओढलेल्या रेघा होत्या. आठ. बातमीदाराने लिहिलं होतं, त्या कशाच्या ते सांगता येत नाही. बाईंनी कात्रण काढून सतराव्या गठ्ठ्यात ठेवलं. आठ रेघा म्हणजे आठ दिवस, असं दुसरं कोणीही म्हणालं असतं, आणि तेसुद्धा पुरेसं वाईट होतं. पण बाईंना एक गोष्ट ठाऊक होती, ती जगात त्यांनाच ठाऊक होती, कारण ती नर्सच्या त्या गिचमिड अक्षरात होती. अंधारातला माणूस कमी मोजतो. नवाला चार म्हणतो, वर भांडतो. मग आठ म्हणजे किती? हे गणित बाई वीस वर्षं करत आल्या. भाजी चिरताना, नवऱ्याच्या उशाशी बसलेल्या असताना, नातवाला पाढे शिकवताना. आठ म्हणजे किती? कधी त्या रेघा दिवसांच्या नसतीलच असंही ठरवून पाहत, मारलेल्या हाका असतील, घरातली माणसं असतील. तो विचार फार टिकत नसे. कायदेपंडित गेला, नकाशेवाला त्याच्याही आधी गेला. तिघांतली एक बाकी उरली, आणि तिला घरातल्या कुठल्याही भिंतीवरचा ओरखडा मोजल्याशिवाय पुढे जाता येईना.

जिन्यात बोलणं ऐकू आलं. एक आवाज वॉचमनचा. दुसरा सर्दी झालेला.

"अहो काका, दार वाजवून हात दुखला माझा. त्यांनीच बोलावलंय."

"बाहेर गेल्या असतील. येतील."

"तुम्ही बघितलंत जाताना?"

"येताना बघितलं की. पिशवी होती हातात. तीन-सव्वातीनला." थोडं थांबून वॉचमन फोनवर बोलायला लागला, "हां, मिस्त्री? कुठवर आलात? नाही, मग राहू द्या. वीज आली की लिफ्ट आपसूक चालेल. नाही, नाही, आत कोणी नाही. हाका मारून बघितल्या."

"थांबा, थांबा! नको म्हणू नका त्यांना. काका, त्या आत आल्या, घरी पोचल्या नाहीत, आणि लिफ्ट मध्ये अडकलीय. मग त्या गेल्या कुठे, हवेत?"

"ताई, दोनदा आवाज दिला मी. जिवंत माणूस उत्तर नाही देणार?"

"उत्तर नाही म्हणून माणूस नाही, हे कुठल्या पुस्तकात लिहिलंय?" मुलगी एकदम चिडली आणि तिला शिंक आली. "माझी चार वर्षं गेली ह्याच वाक्यापायी, काका. तुम्ही मिस्त्रीला बोलवा. मी बसते इथे पायरीवर. काय व्हायचं ते होऊ दे."

मुलगी दाराला कान लावून बसली असावी, कारण फटीतली रेघ मध्येच तुटली होती. बाईंच्या तोंडाला कोरड पडली होती. जीभ टाळूला चिकटलेली, खरंच चिकटलेली, अर्ध्या-पाऊण तासात असं होत नाही हे त्यांच्याइतकं कोणाला माहीत असणार? आवाज फुटेना. त्यांनी पदराच्या टोकाची गाठ सोडली आणि घराची किल्ली काढली. लोखंडी भिंतीवर एक टोला मारला. केवढा मोठा वाजला तो! मग दुसरा. तिसरा. त्या मोजत नव्हत्या, आयुष्यात पहिल्यांदाच मोजत नव्हत्या.

"मॅडम! मॅडम, आहात तुम्ही! काका, आहेत त्या!" बाहेर धावाधाव झाली, वॉचमन फोनवर ओरडायला लागला. मुलगी फटीशी आली. "लागलं का कुठे? श्वास घेता येतोय ना? घाबरू नका हं, मिस्त्री येतोय. मी आहे इथेच, काही लागलं तर सांगा."

"लिहून घे," बाई म्हणाल्या. आवाज दुसऱ्याच कोणाचा तरी असावा असा निघाला.

"अहो आत्ता कसलं लिहायचं मॅडम, आधी बाहेर या, मला एवढी काही घाई नाही."

"मला आहे. बाहेर आले की मी चहा करीन, बिस्किटं देईन आणि भलतंच काहीतरी सांगीन. कागद आहे ना? लिही. सतरावा गठ्ठा वेळेवर आला. उशिरा आला हे खोटं आहे. गुरुवारी आला, शिक्का माझ्या हाताचा आहे. मी तो उघडला नाही. मुलगा आजारी होता, पण ते लिहू नकोस, मुलं सगळ्यांचीच आजारी असतात. उघडला असता तर शेवटची ओळ नऊ दिवस दोन तास झाली असती. पुढे उघडला आणि तरी गप्प बसले, तेही लिही. गठ्ठा माझ्या कपाटात आहे, खालच्या खणात, चादरींखाली. घेऊन जा. नर्सचं अक्षर लागत नाही, ते मी वाचून दाखवीन."

पेन्सिलीचा आवाज येत होता, तो थांबला. "मॅडम," मुलगी म्हणाली, आणि तिच्या आवाजात कालचा आदर नव्हता, रागही नव्हता, नुसती काळजीपूर्वक ठेवलेली पावलं होती. "हे मला तुमच्या नावानिशी लिहावं लागेल."

"नाव तिथे आहेच. पानाच्या तळाशी."

"छापखान्याची दुर्घटना माझ्या प्रबंधाच्या तिसऱ्या प्रकरणात आहे," मुलगी म्हणाली. "त्या जुळाऱ्याची बायको मला दोनदा भेटलीय. तिला हे सांगावं लागेल मला. ती मला एकच विचारते. त्या रेघा कशाच्या होत्या?"

बाईंनी डोळे मिटले. अंधारात मिटले काय, उघडे ठेवले काय. "कात्रण गठ्ठ्यातच आहे," त्या म्हणाल्या. "तिच्याकडे मला घेऊन चल. मला काय ठाऊक आहे तेवढं मी सांगीन. जास्त नाही. कमीही नाही."

मिस्त्री आला. वर कुठेतरी साखळ्या खडखडल्या, लिफ्ट वीतभर वर सरकली, पहार घातल्याचा आवाज झाला आणि दोऱ्याएवढी रेघ हाताएवढी झाली, मग दाराएवढी. उजेड सोसेना. मुलीचा चेहरा पहिल्यांदा दिसला, लाल नाक, मांडीवर वही. मिस्त्रीने हात दिला, बाई दुधाची पिशवी छातीशी धरून पायरीवर चढल्या. वॉचमन सारखा म्हणत होता, आजी, आवाज द्यायचात हो, आवाज द्यायचात, माझ्या जिवाला केवढा घोर.

मिस्त्रीने पहार काढली, दार लोटायला घेतलं, आणि रोजच्या सवयीने, मागे न बघता विचारलं, "आत आणखी कोणी नाही ना?"

बाई वळल्या. चार फूट लांब, चार फूट रुंद, रबराची जमीन, तीन लोखंडी भिंती. एका भिंतीवर त्यांच्याच किल्लीचे ताजे ओरखडे. नाही म्हणायला फार वेळ लागत नाही, हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मिस्त्रीच्या पिशवीतला टॉर्च काढला आणि त्याच्यापुढे धरला.

"तुम्ही स्वतः आत जाऊन बघा," त्या म्हणाल्या. "मी थांबते."